फक्की मारण्याआधी

आमच्या लातूर भागात माणूस आर्किटेक्टची पायरी चढतो ती दोन कामांसाठी. नगरपालिकेत बांधकाम परवानगीची फाइल टाकायची असते, तिच्यावर सही-शिक्का हवा असतो. नाहीतर शेजारच्या प्लॉटवर झालंय तसं, जमलं तर त्याच्याहून जरा उठून दिसणारं एलेव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, हवं असतं. बाकी घर तोवर ठरून गेलेलं असतं. बोअर कुठं घ्यायचं ते पाणाड्यानं दाखवलेलं असतं, स्वयंपाकघराची दिशा वास्तूवाल्यानं सांगितलेली असते, जिना आतून की बाहेरून याचा निकाल दोघा भावांनी लावलेला असतो आणि खोल्या किती बाय किती ते मिस्त्रीनं पावलं टाकून मोजून दिलेलं असतं. ‘‘ताई, तुम्ही फक्त नकाशा काढून द्या.’’

यात लोकांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. दोन वर्षांचे सोयाबीनचे पैसे, सोसायटीचं कर्ज, गहाण टाकलेलं सोनं, मुलानं पुण्याहून पाठवलेली रक्कम असं सगळं एका जोत्यावर ओतायचं म्हटल्यावर माणूस ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच हाताशी धरतो. मिस्त्री गावातला असतो. त्याच्या पोरीच्या लग्नात आपण पंगतीला वाढलेलं असतं. स्लॅब गळला तर सकाळी उठून त्याच्या दारात उभं राहता येतं. आर्किटेक्ट शहरात बसतो, फी टक्क्यांत सांगतो आणि त्यानं दिलेला कागद फाइलीत जातो. त्या कागदाचा आपल्या घराशी काय संबंध, हे कुणी बसून समजावलेलं नसतं.

मी याच जिल्ह्यात वाढले, शिकून इथंच परत आले आणि इथंच काम करते. आर्किटेक्टचं समाजात काय काम, या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात मिळालं नाही. तिथं आम्ही म्युझियम, विमानतळ, सांस्कृतिक केंद्रं काढत होतो, आणि त्या वयात ते काढायलाही हवं होतं. उत्तर मिळालं ते किल्लारीच्या भूकंपाच्या कागदपत्रांत, आणि त्याहून जास्त तिकडच्या मिस्त्रींच्या तोंडून.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं काही सेकंदांत बसली. सुमारे ८ हजार माणसं गेली. मी तेव्हा लातुरात शाळेत होते. त्यानंतर कित्येक महिने आमची गल्ली अंगणात, पत्र्याखाली झोपायची. घरं अशी का बसली, त्यामागची बांधकामाची गोष्ट मला फार नंतर कळली.

हा भाग तेव्हाच्या सरकारी नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात मोडायचा. इथल्या घरांना धक्का माहीतच नव्हता. त्यांना माहीत होतं ऊन आणि चोरा-दरोडेखोरांचं भय. म्हणून दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, रस्त्याच्या अंगानं जवळपास खिडकीच नाही, आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यांच्यावर किलचण, पाला आणि मग पांढऱ्या मातीचा थर. दर उन्हाळ्यात, मृग लागायच्या आत, गळती थांबावी म्हणून आणखी माती चढवायची. आधीची कुणी काढायचं नाही. आजोबांनी घातलेली खाली, वडिलांची वर, आपली त्याच्याही वर. फूट-दीड फुटांचा, कुठं कुठं त्याहूनही जाड थर झोपणाऱ्यांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला. गारवा मात्र असा, की मे महिन्याच्या दुपारीसुद्धा तिथं पंख्याची आठवण होऊ नये.

भिंतीची आतली गोष्ट मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवली. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. एका पडक्या वाड्याची भिंत सुरीनं कापावी तशी उभी राहिली होती, त्यामुळे तिचं पोट दिसत होतं. बाहेरून घडीव दगड, आतून जरा ओबडधोबड दगड, आणि या दोन अंगांच्या मधे चिपा, गोटे, माती असा भराव. आबांनी एक दर्शनी दगड हलवून काढला आणि माझ्या हातात दिला. समोरून चांगला हातभर, मागं निमुळता होत गेलेला. ‘‘दगडाचं तोंड मोठं ठेवायचं आन् शेपूट बारीक,’’ ते म्हणाले. ‘‘मालक तोंड बघून पैसे देतो. शेपटीकडं कोण बघतंय?’’ शेपूट बारीक म्हणजे दगडाची भिंतीत पकड नाही. बाहेरच्या अंगाचा आतल्या अंगाशी सांधा नाही. धक्का बसला तसं मधल्या भरावानं दोन्ही अंगांना बाहेर ढकललं, भिंत फुगली, फुटली, आणि वरचं माळवद खाली आलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, आरपार लांब दगड दर चार-पाच फुटांवर घातला असता तर पुष्कळ भिंती इतक्या सहज फुटल्या नसत्या. आबांच्या आज्यानं असे दगड घातलेले त्यांना आठवत होते. पुढं कुणी घालेनासं झालं. लांब दगड महाग पडायचा आणि भिंतीत गेल्यावर तो दिसत नसे.

मला या गोष्टीनं हलवून सोडलं. त्या भागातली बांधणी अडाणी होती, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. खरं तर तिथं ज्ञान होतं, ते मधल्या दोन-तीन पिढ्यांत निसटलं, आणि निसटताना ते धरून ठेवायला कुणी नव्हतं. लाकडी खणांची घरं बघा. खण म्हणजे चार खांबांमधली जागा. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं घर चौरस फुटांत न सांगता ‘पाच खणांचं’, ‘सात खणांचं’ असं सांगतात. जिथं माळवदाचं ओझं भिंतीवर न टाकता या खांबांवर टाकलेलं होतं आणि लाकूड कुजलेलं नव्हतं, तिथं भिंती ढासळल्या तरी पुष्कळदा वरचा सांगाडा उभा राहिला. आणि गावकुसाबाहेरची छपरं, कुडाची घरं? त्यांना फारसं काही झालंच नाही. ज्यांच्याकडे दगड घडवायला पैसे नव्हते ती माणसं त्या पहाटे जिवंत उठली.

पुढं पुनर्वसन झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, आणि लातूर जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. घरं तीन मापांची: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणतं, ते त्याच्या जमिनीवरून ठरलं. रुंद सरळ रस्ते, ओळीनं प्लॉट, प्रत्येकाला चारही बाजूंनी मोकळी जागा. मुंबई-पुण्याहून, दिल्लीहून संस्था आल्या, देणगीदार आले, त्यांच्याबरोबर आर्किटेक्टही आले. एवढ्या मोठ्या आघातानंतर काही वर्षांत हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आलं, हे काम लहान नव्हतं. लोकांनाही जुन्या जागेत परतायचं नव्हतं, दगडाकडे बघवत नव्हतं, सिमेंटच हवं होतं. ज्यांनी रात्रभर हातांनी दगड उपसले त्यांना तुम्ही दगडाचे गुण सांगायचे नसतात.

तरीसुद्धा नव्या गावांतून हिंडताना सारखं जाणवतं, की या घरांचे नकाशे काढणाऱ्यानं इथं एक हंगाम मुक्काम करायला हवा होता. सुगीत ज्वारीची पोती येतात, त्यांना जागा कुठं आहे? धान्य साठवायला वाड्यात भिंतीलगत बळद असायचं, अंगणात जमिनीखाली पेव असायचं. कडब्याची गंजी कुठं रचायची? बैल कुठं बांधायचे, शेणाचा उकिरडा कुठं? गल्लीच्या तोंडाशी भावकीतली म्हातारी माणसं बसायची, त्यांच्या नजरेखाली लेकरं खेळायची. चाळीस-पन्नास फुटी रस्त्यावर उन्हात कोण बसणार? शेतकऱ्याचं घर हा त्याच्या शेताचाच अर्धा भाग असतो. त्याला दोन खोल्या आणि व्हरांडा दिला, की तो पहिल्या दिवसापासून त्यात भर घालू लागतो. तसंच झालं. संडासात सरपण भरलं गेलं, व्हरांडे पत्र्यानं बंद झाले, मोकळ्या जागेत गोठे उठले. गाव इतकं पसरलं की पाण्याची पाइपलाइन आणि रस्त्यांचे दिवे सांभाळणं ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेलं. आणि कुंपणाच्या भिंती कशाच्या बांधल्या म्हणता? जुन्या गावातून वाहून आणलेल्या त्याच दगडांच्या. घरातला दगड नको होता, पण दगड फेकूनही देववत नव्हता.

मला ज्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो ते याच कार्यक्रमाचं दुसरं अंग आहे. त्याचे फोटो फारसे कुणी काढले नाहीत. जी गावं हलवली नाहीत तिथल्या सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. पैसे घरमालकाच्या हातात, काम त्याच्याच देखरेखीखाली, मिस्त्री गावचाच. सल्ला द्यायला इंजिनिअर, आणि गावोगाव एक बाई ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांतून या बायकांना पुढं आणलं. घरोघरी जाऊन किती पैसे मिळणार, कोणत्या टप्प्यावर मिळणार, त्या पैशात भिंतीला काय करून घ्यायचं हे त्या सांगत. बायका चुलीपुढं बसून बांधकामावर बोलू लागल्या. मिस्त्रींना शिकवलं गेलं: माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं लाकडाचे तिरपे टेकू द्या, दारं-खिडक्यांच्या वरून घराला सगळीकडून बांधणारा पट्टा घ्या. आणि भिंतीतून थोडे दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. आबांच्या आज्याचा लांब दगड असा पुन्हा भिंतीत आला, सळईच्या रूपात.

सगळीकडे हे नीट झालं असं नाही. पुष्कळांनी जुन्या भिंतीला हात न लावता त्या पैशांत विटांची एक नवी खोली उठवली, कारण दगडाच्या भिंतीवर आता कितीही सळया घातल्या तरी त्यांना झोप लागणार नव्हती. मला त्यात गैर काही दिसत नाही. घरमालकानं विचार करून घेतलेला तो निर्णय होता. पुढं २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या या बायका तिकडे गेल्या, आपला अनुभव त्यांनी तिथल्या बायकांना सांगितला. गुजरातेत घरमालकानं स्वतः घर बांधायचं आणि सरकारनं टप्प्याटप्प्यानं पैसे व तांत्रिक मदत द्यायची, यावर भर राहिला. त्या शहाणपणात आमच्या दुष्काळी मुलखाचाही वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आर्किटेक्टचं काम काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी या दुरुस्तीकडे बोट दाखवते. ज्याला घरात राहायचं आहे त्याच्याशी बोलणं, ज्याच्या हाताला कसब आहे त्याच्याशी बोलणं, आणि या दोघांच्या मधे जे ज्ञान निसटलंय ते शोधून परत जागेवर बसवणं. रेषा त्याच्यानंतर येते.

आमच्या व्यवसायातल्या मोठ्या माणसांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, अहमदाबादेत स्थिरावले. २०१८ साली प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या कामांतलं मला सर्वांत जवळचं वाटतं ते इंदूरचं अरण्य. १९८०च्या दशकात तिथं सहा हजारांवर प्लॉटांची वसाहत आखली गेली. सर्वांत गरीब कुटुंबाला मिळालं ते एक जोतं, संडास-मोरी आणि नळ-विजेची सोय. भिंती त्यांनी उठवायच्या, पैसा येईल तशा. दोशींच्या संस्थेनं नमुन्याची काही घरं बांधून दाखवली, ओटे कसे, जिने कसे, गल्ली वळते कशी, आणि पुढचं लोकांवर सोपवलं. घर एका झटक्यात पुरं होत नसतं, हे आपल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. आराखड्यात ते मान्य करणारा आर्किटेक्ट विरळा.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची नवी मुंबईत सीबीडी बेलापूरमधली वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, आम्ही कॉलेजात असताना बघायला गेलो होतो. सात-सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा. दोन घरांना एक भिंत सामाईक नाही, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याशी न भांडता आपलं घर वाढवता यावं. आमच्याबरोबरची काही मुलं हिरमुसली, कारण फोटोत पाहिलेली उतरत्या छपरांची पांढरी घरं बऱ्याच ठिकाणी राहिलीच नव्हती. लोकांनी तीन-तीन मजले चढवले होते, ग्रॅनाइट लावला होता. मी मात्र चौकात उभी राहून बघत होते. सायकली पडल्या होत्या, दोन बायका पापड वाळवत होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती. घरं बदलली, चौक टिकला. माणसांनी स्वतःच्या मालकीचं जे होतं ते मनासारखं केलं आणि सगळ्यांचं जे होतं ते राखलं. कोरियांनी आखताना हेच धरलं असणार, की घर माणसाचं आहे आणि आपण सांभाळायची ती घरांच्या मधली जागा. किल्लारीच्या नव्या गावांत चौक आखायला एवढंच हवं होतं, जास्तीचा एक पैसाही लागला नसता.

पुण्यात येरवड्याच्या वस्तीतही असंच काम झालं. केंद्राच्या योजनेतून, २००९च्या सुमारास सुरू झालेलं. कुणालाही न हलवता, त्याच गल्ल्यांत, ज्याचं घर त्याच्याच जागेवर नव्यानं बांधायचं. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघर मोजमापाला आर्किटेक्टांबरोबर होत्या. घर २७० चौरस फुटांचं. एवढ्याशा जागेत एकाला दुकान हवं, एकीला म्हाताऱ्या सासूसाठी तळमजल्यावर झोपायची सोय हवी. टॉवर उभारणं यापेक्षा कितीतरी सोपं.

आता आमच्याकडे येते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचं व्हावं लागतं. गावागावांत ही घरं चालू आहेत. आज महाराष्ट्रात सर्वांत जास्त गरिबांच्या आयुष्याला भिडणारं बांधकाम हे, आणि त्यात आर्किटेक्ट जवळपास कुठंच नाही. पंचायत समितीचा इंजिनिअर जोत्यापर्यंत काम आलं का, स्लॅब पडला का ते बघून हप्ता सोडतो. त्याच्याकडे इतकी गावं असतात की तेवढं केलं तरी शिकस्त झाली.

औसा तालुक्यातल्या एका गावात एका आक्कांच्या घरकुलाला मी सहज म्हणून गेले होते. नवरा वारलेला, एक मुलगा, चार शेळ्या. जागा अरुंद आणि लांब. मिस्त्रीनं नेहमीप्रमाणं दहा बाय बाराच्या दोन खोल्या मागं-पुढं धरल्या होत्या आणि फक्की मारून, म्हणजे जमिनीवर पांढऱ्या भुकटीनं भिंतींच्या रेषा आखून, ठेवली होती. मी आक्कांना म्हटलं, ‘‘घरातलं काय काय सामान येणार हाय, ते आत मांडून बघू का?’’ त्या जरा बघत राहिल्या, मग पोराला हाक मारली. बाज आणली, पत्र्याची पेटी आणली, कणगीच्या जागी पाटी ठेवली, चुलीच्या जागी तीन दगड. बाज ठेवल्यावर पेटी उघडेना. चूल मांडली तर धूर सरळ मागच्या खोलीत जाणार, कारण वारा पश्चिमेचा. मग त्यांनीच मूळ मुद्दा काढला: ‘‘शेळ्या कुठं बांधू? रात्री बाहेर ठेवल्या तर लांडगं नेत्यात.’’

फक्की पुसून पुन्हा मारायला किती वेळ लागतो? पुढच्या खोलीचं दार कोपऱ्यात सरकवलं, मागची खोली थोडी लहान केली, जोतं समोरून तीन फूट पुढं घेऊन ओटा काढला, त्यावर पत्रा यायचा होताच. बाजूच्या बोळाला एक फाटक, की शेळ्यांचा प्रश्न मिटला. चूल ओट्याच्या टोकाला गेली. खिडकी समोरासमोर आली, म्हणजे उन्हाळ्यात वारा आरपार. मिस्त्री आधी नाराज होता, मग त्यानंच बाथरूमच्या उताराबद्दल मला सुचलं नसतं ते सुचवलं. पोतंभर सिमेंट जास्त लागलं असेल. एक दुपार गेली.

घर बिघडतं किंवा सुधारतं ते या एका दुपारी. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, फक्की पडली, की पुढच्या पन्नास वर्षांचा उकाडा, अंधार, धूर, सुनेचा आणि सासूचा वावर सगळं ठरून जातं. आणि नेमक्या त्या दुपारी आम्ही आर्किटेक्ट तिथं नसतो.

सुरक्षेचंही तसंच. किल्लारीनंतर आमच्याकडे स्लॅब म्हणजे सुरक्षित ही समजूत घट्ट बसली. काँक्रीटचा खांब उभा राहतो तो त्याच्या आतल्या सळ्यांवर, आणि त्या सळ्यांना धरून ठेवतात त्या रिंगा. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवून सोडलं तर धक्क्यात ती उघडते, सळ्या बाहेर फुगतात आणि खांब बसतो. टोक आत, खांबाच्या पोटाकडे १३५ अंशांत वळवलं तर ती उघडत नाही. बोटभर सळईचा आणि मनगटाच्या एका जास्तीच्या पिळाचा हा फरक. काम उरकायच्या घाईत तो पीळ राहून जातो आणि काँक्रीट पडल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. आबांच्या दगडाची शेपटी आणि ही रिंग, दोन्ही न दिसणारी. खाली शटरची दुकानं, भिंती नाहीत, नुसते बारीक खांब, आणि वर दोन मजले संसार, अशी घरं आता तालुक्याच्या प्रत्येक रस्त्यावर आहेत. मला त्यांची काळजी वाटते.

दुसरी काळजी पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवा असं कुणाला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण पाणी मिळालं नाही तर काँक्रीट कच्चं राहतं, हेही खरंच. खांबांना ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधलं तर खूप थोड्या पाण्यात भागतं. शक्य असेल तर स्लॅबची तारीख दिवाळीनंतर धरायची, वैशाखात नाही. या गोष्टी लिहायला कुठल्या सबमिशन ड्रॉइंगमध्ये, म्हणजे परवानगीसाठी द्यायच्या नकाशात, रकाना नसतो. त्या तोंडानंच सांगाव्या लागतात, आणि त्यासाठी माणूस जागेवर लागतो.

आमच्या व्यवसायात सध्या हक्कांची चर्चा फार आहे. १९७२च्या आर्किटेक्ट कायद्यानं ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी झालेल्यांसाठी राखलं. ते काम इतर कुणी करूच नये असा त्याचा अर्थ होत नाही, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. माझे बरेच सहकारी त्यावर नाराज झाले. त्यांचं दुःख मला समजतं. पाच वर्षं शिकायचं आणि मग नकाशा कुणीही काढायचा, हे बोचणारच. तरी मला वाटतं, आमची जागा कायद्यानं राखून मिळेल ही आशा सोडावी. आजारी पडल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो तो कायद्याच्या धाकानं जात नाही. आमच्या असण्यानं घरात काय फरक पडतो हे त्या आक्कांसारख्या चार घरांत दिसू द्या, पाचवा माणूस आपसूक येतो. आणि त्या गावात तसंच झालं.

अडचण पैशांची आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. १ लाख २० हजारांच्या घरकुलातून फी काढणं हे पाप आहे, आणि फी न घेता आर्किटेक्टनं रोज गावोगाव फिरायचं म्हटलं तर त्याची चूल बंद पडेल. हे काम सेवाभावावर सोडलं तर चार जण करतील, दोन वर्षांत दमतील. तालुक्याला जनावरांचा डॉक्टर असतो, कृषी अधिकारी असतो, बांधकामाचा इंजिनिअर असतो. तसा पंचायत समितीत पगारी आर्किटेक्ट असावा, अशी माझी मागणी आहे. त्यानं इमारती उभारू नयेत. फक्की पडायच्या दिवशी त्यानं हजर असावं. आणि आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं जे सत्र असतं ते विद्यार्थी आज बहुतेक मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत कॉम्प्युटरपुढं काढतात. त्यातल्या काहींना या तालुक्याच्या आर्किटेक्टच्या हाताखाली द्यावं. रिंगेचं टोक कसं वळतं ते मिस्त्रीकडून शिकलेलं पोर पुढं विमानतळ बांधायला गेलं तरी त्याचं भलंच होईल.

पद निर्माण होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही दोघा-तिघांनी बाजाराच्या दिवशी टेबल मांडायला सुरुवात केली आहे. ग्रामपंचायतीनं व्हरांडा दिला. आबा त्यांच्या वयातही येऊन बसतात. लोक आधी त्यांच्याशी बोलतात, मग आमच्याकडे वळतात, आणि ते बरंच आहे. घरकुलाचे प्रश्न घेऊन लोक येतील असा आमचा अंदाज होता. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण विचारतात ते वेगळंच: ‘‘पोराचं लगीन हाय, वर एक मजला चढवायचाय. खालचा खांब पेलंल का?’’ याचं उत्तर टेबलावर देता येत नाही. खांब कुठंतरी थोडा उकरून आतल्या रिंगा बघाव्या लागतात, पाया किती खोल आहे ते खणून बघावं लागतं. म्हणून आता नावं लिहून घेतो आणि सुगी संपली की घरोघर जायचं ठरलंय. छिन्नी-हातोडा आबा आणणार आहेत.